मदत हवी आहे: धातूच्या योयोसाठी 'पास-नापास' मर्यादा कशी ठरवावी?

नमस्कार.

उच्च दर्जाचे धातूचे योयो बनवून विकणारी एक छोटी कंपनी आम्ही दोघे भागीदार मिळून उभी करत आहोत. आराखडा आमचा आहे, टर्निंग (लेथवर धातू कोरून आकार देणे) एका सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांच्या, यंत्रशाळेकडून करून घेतो, ॲनोडायझिंग (ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा रंगीत, टणक थर चढवणे) तिसरीकडे होते, आणि जुळणी, तपासणी व विक्री आम्ही स्वतः करतो. नमुन्यांपर्यंत काम व्यवस्थित झाले. पहिल्या विक्रीयोग्य तुकडीत मात्र असा प्रश्न उभा राहिला आहे की त्याचा निकाल लागल्याशिवाय किंमतसुद्धा ठरवता येत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

आधी वस्तूविषयी सांगतो. हा योयो एका दोरीवर दीर्घकाळ फिरता ठेवून करायच्या करामतींसाठी, म्हणजे स्पर्धांमध्ये ज्याला '१ए' म्हणतात त्या प्रकारासाठी आहे. नुसत्या झटक्याने तो हातात परत येत नाही. दोरीची दुमड बेअरिंगवर घालून 'बाइंड' दिला तरच परत येतो. व्यास ५६ मिमी, रुंदी ४४ मिमी आणि वजन ६६ ग्रॅम आहे. बेअरिंग सर्वत्र मिळणाऱ्या 'सी' मापाचे, म्हणजे आतून ६.३५ मिमी, बाहेरून १२.७ मिमी आणि रुंदीला ४.७६ मिमी आहे. दोन्ही अर्धुके, म्हणजे योयोचे दोन अर्धे भाग, एम४ ग्रब स्क्रूने (४ मिमीच्या बिनडोक्याच्या स्क्रूने) जोडली जातात आणि दोरी पकडण्यासाठी दोन्हीकडे सिलिकॉनचे पॅड आहेत. धातू ७०७५ ॲल्युमिनियम निवडला, कारण त्याची ताकद ६०६१ या नेहमीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या जवळजवळ दुप्पट असल्यामुळे मधली भिंत पातळ ठेवून वाचलेले वजन कडेला नेता येते, आणि योयो किती वेळ फिरेल हे वजनापेक्षा ते वजन अक्षापासून किती दूर आहे यावरच जास्त ठरते.

आता अडचण. ड्रॉइंगवरील प्रत्येक माप ±०.०२ मिमीच्या आत आले आहे, यंत्रशाळेचा तपासणी अहवालही स्वच्छ आहे, आणि तरीही काही योयो अगदी शांत फिरतात, काहींच्या कडेला फिरताना नख टेकवले तर झिणझिण्या जाणवतात, तर थोडे असे आहेत की त्यांची थरथर नुसत्या डोळ्यांना दिसते. 'ड्रॉइंगमध्ये मागितले ते सगळे दिले आहे' असे यंत्रशाळेचे म्हणणे आहे, आणि कागद पाहता त्यांना खोटे ठरवता येत नाही. त्यातही कोड्यात टाकणारी बाब अशी की एकच अर्धुक एका जोडीदाराबरोबर शांत फिरते आणि दुसऱ्याबरोबर थरथरते. कधी कधी तर केवळ उघडून पुन्हा आवळल्यावर योयोचा स्वभाव बदलतो.

मी साधा हिशोब करून पाहिला. ६६ ग्रॅमच्या योयोचा गुरुत्वमध्य अक्षापासून ०.०१ मिमी सरकलेला असेल आणि तो मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर साधारण ०.०६५ न्यूटन इतके फिरते बल निर्माण होते, म्हणजे योयोच्या स्वतःच्या वजनाच्या एक दशांश. वेग दुप्पट झाला की हे बल चौपट होते. म्हणजे ±०.०२ मिमी ही मर्यादा सर्वसाधारण यंत्रभागाला चांगली असली तरी आमच्या वस्तूला ती पुरणार नाही, एवढे कळले. पण म्हणून सगळीच मापे ±०.००५ मिमीवर आणली तर यंत्रशाळा दर इतका वाढवेल की धंदाच उरणार नाही.

जाणकारांकडून मला प्रामुख्याने हे समजून घ्यायचे आहे की नेमकी कोणती मापे घट्ट धरावीत आणि कोणती सैल सोडावीत. त्याला जोडून दुसरा प्रश्न म्हणजे पास-नापासची रेषा खेळाडूच्या हातावर सोडावी की डायल गेजवर (सूक्ष्म हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकावर), कारण आम्हा दोघांचे हातच एकमेकांशी जुळत नाहीत. जो योयो माझ्या भागीदाराला निर्दोष वाटतो तो मला कधी कधी बाजूला काढावासा वाटतो. आणि रेषेखाली राहिलेल्या मालाचे काय करायचे, वितळवायला द्यायचा की दुय्यम प्रत म्हणून विकायचा, यावरही अनुभवी लोकांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १

तुमच्या प्रश्नातच बरेचसे उत्तर आहे. तुम्ही मापे मागितली आहेत, पण मापांचे एकमेकांशी असलेले नाते मागितलेले दिसत नाही. कडेचा व्यास ५६.०० मिमी बरोबर असू शकतो, बेअरिंग बसते त्या खुंटीचा व्यासही बरोबर असू शकतो, आणि तरीही दोघांची केंद्रे वेगवेगळी असू शकतात. तपासणी अहवालात हे दिसणारच नाही, कारण ते कोणी विचारलेलेच नसते.

दोन्ही अर्धुकांना एका रेषेत आणण्याचे काम ग्रब स्क्रू करत नाही, ते बेअरिंगची आतली कडी करते. स्क्रूचे काम फक्त ओढून धरण्याचे. म्हणून खुंटीचा अक्ष आणि तिच्या बुडाशी असलेला खांदा, म्हणजे ज्या सपाट वर्तुळावर बेअरिंगची आतली कडी टेकते तो भाग, या दोन गोष्टी संदर्भ म्हणून ड्रॉइंगवर नोंदवा आणि बाकी सर्व महत्त्वाच्या पृष्ठभागांचा रनआउट (फिरवताना पृष्ठभाग किती डोलतो ते माप) त्यांच्यापासून मागा. माझ्या मते सर्वात दुर्लक्षित जागा हा खांदाच आहे. तो साधारण ८ मिमी व्यासाचा धरला आणि त्यावर ०.०१ मिमीचा तिरपेपणा राहिला, तर ५६ मिमी व्यासाच्या कडेपर्यंत जाताना तो सातपट होऊन ०.०७ मिमी होतो. तिथे राहिलेली बारीक बर (कापताना कडेला उरलेला धातूचा काटा) किंवा ॲनोडायझिंगनंतर साचलेला कणसुद्धा हेच करतो. जोडीदार बदलल्यावर स्वभाव बदलण्याचे कोडे बहुधा इथेच सुटेल: दोन तिरपे खांदे कधी एकमेकांना सावरतात, कधी एकमेकांत भर घालतात. स्क्रू एका अर्धुकात थोडा अधिक आत घालून पुन्हा आवळला की स्क्रूची आट्यांमधली बैठक बदलते, त्यामुळे उघडून जोडल्यावर फरक पडतो. जाणते खेळाडू घरी हीच युक्ती करतात, पण ती कारखान्याची पद्धत होऊ शकत नाही.

आता यंत्रशाळेशी बोलताना मापांपेक्षा कामाच्या क्रमाविषयी बोला. खुंटी, खांदा, पॅडची खाच, दोरीकडील उतार, आट्यांचे छिद्र आणि शक्य तितकी बाहेरची कड हे सगळे एकाच पकडीत झाले पाहिजे. जॉब (कोरला जाणारा तुकडा) चकमधून, म्हणजे लेथच्या पकडीतून, एकदा सुटला की ती अचूकता पुन्हा मिळवणे महाग पडते. दुसऱ्या सेटिंगमध्ये आतली वाटी कोरताना जॉब बाहेरच्या कडेवर साध्या जॉमध्ये (चकच्या जबड्यांत) धरू नये. त्याच लेथवर, त्याच जागी बोअर केलेले (भोक अचूक कोरलेले) फिक्स्चर, म्हणजे जॉब धरणारा खास साचा, करून घ्यावे, ज्यात खुंटी बसेल, खांदा टेकेल आणि एम४ स्क्रूने जॉब ओढला जाईल. पातळ भिंतीच्या ७०७५ च्या जॉबवर जॉचा दाब जास्त झाला तर तो पकडीत गोल दिसतो आणि सोडल्यावर तीन बाजूंनी फुगतो, हेही पाहून घ्या. टॅप (आटे पाडणारे हत्यार) छिद्राच्या मागे मागे जातो, त्यामुळे छिद्र तिरके असेल तर आटेही तिरके पडतात आणि स्क्रू आवळताना अर्धुकाला एका बाजूला ढकलतात. छिद्र ड्रिलनंतर बोअर करून मग आटे पाडले तर हा त्रास बराच कमी होतो.

सैल सोडण्यासारखेही पुष्कळ आहे. एकूण रुंदी, वाटीच्या आतील सजावटीच्या पायऱ्या, कडेची गोलाई यांना ±०.०५ मिमी दिले तरी खेळाडूला काही कळणार नाही, फक्त ती गोलाई अक्षाभोवती समान असली पाहिजे. पैसा वाचतो तो इथेच.

रेषेविषयी: हात आणि गेज दोन्ही हवेत, पण वेगवेगळ्या कामासाठी. एक उत्तम अर्धुक, एक चांगला स्क्रू आणि एक तपासलेले बेअरिंग 'मास्टर' म्हणून बाजूला ठेवा. प्रत्येक नवे अर्धुक त्याच्याशी जोडून कडेचा रनआउट डायल गेजवर नोंदवा. म्हणजे तुम्ही योयो नव्हे तर अर्धुके निवडता, आणि एक वाईट अर्धुक चांगल्या जोडीदाराच्या आड लपत नाही. हाताच्या निर्णयासाठी तीन-चार योयो सीमेवरचे नमुने म्हणून कायमचे राखून ठेवा. दोघांनी मिळून 'हा शेवटचा पास' असे ज्यावर एकमत केले तो योयो शेजारी असला की रोजच्या मनःस्थितीप्रमाणे रेषा सरकत नाही. तपासणाऱ्याला गेजचा आकडा आधी सांगू नये, नाहीतर नखाला आकडाच जाणवतो.

प्रतिसाद २

यंत्राविषयी वरच्या प्रतिसादात सगळे आले आहे, मी विक्रीच्या बाजूने लिहितो. पहिली सूचना अशी की नापास माल ॲनोडायझिंगच्या आधीच वेगळा काढा. कच्च्या धातूतच जोडून तपासले तर ज्याच्यावर रंगाचा खर्च व्हायला नको त्यावर तो होणार नाही. रंगानंतर पुन्हा एकदा तपासावेच लागेल, कारण ॲनोडायझिंगच्या थराचा काही भाग बाहेर वाढतो आणि व्यासावर तो दोन्ही बाजूंनी मोजला जातो. खुंटी जाड होऊन बेअरिंग निघेनासे झाले तर ग्राहक पक्कड लावतो आणि मग तक्रार तुमच्याकडे येते. खुंटीचे माप ठरवताना हा थर आधीच वजा करा.

दुय्यम प्रत अवश्य विका, वितळवू नका. मात्र ती बिनरंगी, बोधचिन्हाशिवाय आणि दोष स्पष्ट लिहून विका. सराव करताना योयो जमिनीवर आपटणारच, त्यामुळे सरावासाठी स्वस्त पण त्याच आकाराचा योयो हवा असणारे खेळाडू पुष्कळ असतात. किंमत काढताना संपूर्ण तुकडीचा खर्च फक्त पास झालेल्या नगांवर वाटा आणि दुय्यम प्रतीचे उत्पन्न त्यात धरू नका. ते धरले की नापासांचे प्रमाण कमी करण्याची घाई उरत नाही, हे मी एकापेक्षा अधिक छोट्या निर्मात्यांकडे पाहिले आहे. दुकानदारांमार्फत विकायचे असेल तर त्यांना द्यावी लागणारी सूट सुरुवातीपासूनच किमतीत असू द्या, नंतर ती आणायला जागा राहत नाही.

रंग कमी ठेवा. छोट्या तुकडीचे सहा रंग केले तर दोन संपतात आणि चार पडून राहतात. बेअरिंग, स्क्रू व पॅड प्रचलित मापाचे ठेवले आहेत हे उत्तम. योयो-निर्माते टॉम कुहन यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस उघडून पुन्हा जोडता येणारा लाकडी 'नो जाइव्ह' आणि १९९० मध्ये बॉल बेअरिंगचा ॲल्युमिनियमचा 'एसबी-२' आणला, तेव्हापासून दुरुस्त करता येणे हा महागड्या योयोच्या किमतीचाच एक भाग झाला आहे.

आणखी एक, परदेशी माल पाठवणार असाल तर वयोगट आधी ठरवा. युरोपात ईएन ७१ आणि अमेरिकेत एएसटीएम एफ९६३ ही खेळण्यांची मानके आहेत, आणि अमेरिकेत १२ वर्षे व त्याखालील मुलांसाठीच्या खेळण्यांना मान्यताप्राप्त त्रयस्थ प्रयोगशाळेची चाचणी लागते. हा खर्च छोट्या तुकडीला जड जातो. वेष्टनावर नुसते वय छापून मात्र सुटका होत नाही. वस्तू आणि तिची जाहिरात खरोखरच त्या वयाला साजेशी असावी लागते.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल उरलेल्या अर्धुकांचे खांदे भिंगाखाली पाहिले. थरथरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या खांद्याच्या कडेला बर आहे, आणि ती साफ केल्यावर काही योयो शांतही झाले. यंत्रशाळा फिक्स्चर करायला तयार आहे, पण त्याचा खर्च आम्ही उचलावा असे म्हणते. तो एका तुकडीवर टाकला तर प्रत्येक नगाची किंमत बरीच चढते. अशा वेळी तुकडी मोठी काढावी का?

प्रतिसाद १

केवळ फिक्स्चरचा खर्च वाटण्यासाठी तुकडी मोठी करू नका, कारण न विकलेला माल फिक्स्चरपेक्षा महाग पडतो. फिक्स्चर तुमच्या मालकीचे राहील आणि खुंटी-खांद्याची रचना तीच ठेवली तर पुढच्या आराखड्यांनाही ते चालेल, असे लेखी ठरवून घ्या आणि खर्च दोन-तीन आराखड्यांवर विभागा. लेथ बदलला तर ते पुन्हा जागेवर बोअर करावे लागेल, म्हणून भोक मोठे करून नवे बुश (भोकात बसवायची धातूची नळी) बसवण्याइतकी जाडी त्यात आधीच ठेवायला सांगा. ड्रॉइंगवर 'खांद्यावर बर चालणार नाही' ही ओळही घाला, आणि नवीन तुकडीचे पहिले पाच नग तुमच्या मास्टरवर तपासून होईपर्यंत पुढचा गज (ज्यातून नग कोरतात ती धातूची दांडी) लावू देऊ नका.