पुणे महापालिकेचे अंदाजपत्रक : प्राधान्यक्रम नेमका कुठे पाहावा?

प्रश्न (कोथरूडकर)

पुणे महापालिकेचे 2024-25चे अंदाजपत्रक 11,601 कोटी रुपयांचे होते आणि मार्च 2025 मध्ये सादर झालेले 2025-26चे अंदाजपत्रक 12,618 कोटींचे होते. रस्ते, पाणीपुरवठा, सांडपाणी, पीएमपी बससेवा यांसाठीच्या तरतुदी वर्तमानपत्रांत छापून येतात. मात्र शहराने कोणते काम आधी हाती घ्यायचे ठरवले आहे, हे त्या आकड्यांवरून मला उमगत नाही. तरतूद झाली म्हणजे काम होणारच, असे धरून चालावे का? तसे नसेल, तर नागरिकाने या जाडजूड पुस्तकात पाहायचे तरी काय?

उत्तर (निवृत्त लेखापाल)

तरतूद ही खर्चाची परवानगी असते, तिजोरीत आलेली रक्कम नव्हे. त्यामुळे आधी जमेची बाजू वाचावी. पुण्यातली जकात 2013 मध्ये गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) 2017 मध्ये जीएसटी लागू झाल्यावर संपला, आणि तेव्हापासून पालिकेची मुख्य भिस्त राज्य शासनाकडून येणारे जीएसटीचे अनुदान, मिळकतकर व बांधकाम परवानगीचे शुल्क यांवर आहे. यांपैकी अनुदानाचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. मिळकतकर वसुलीवर अवलंबून असतो आणि बांधकाम शुल्क तर त्या व्यवसायातल्या तेजी-मंदीबरोबर वरखाली होते.

जमा वाढवून धरली आणि ती आली नाही, तर कात्री कशाला लागते, हाच खरा प्रश्न आहे. वेतन, निवृत्तिवेतन, वीजबिले थांबवता येत नाहीत. पीएमपीच्या संचलन तुटीतला (बस चालवताना होणाऱ्या तोट्यातला) पुण्याचा 60 टक्के वाटाही द्यावाच लागतो. उरतात ती भांडवली कामे, म्हणजे जलवाहिन्या, मलवाहिन्या, पदपथ. म्हणून नव्या तरतुदीपेक्षा त्याच शीर्षकाखाली मागील वर्षी प्रत्यक्ष किती खर्च झाला, तो आकडा शोधावा. प्राधान्यक्रम तिथे दिसतो.

उत्तर (सिंहगड रस्त्यावरील रहिवासी)

वरील मताशी सहमत आहे, पण ‘वर्गीकरणा’चा उल्लेख राहिला. एका कामासाठी मंजूर झालेला निधी वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कामाकडे वळवण्याला पालिकेत वर्गीकरण म्हणतात. मार्चमध्ये गाजावाजा करून जाहीर झालेले काम त्यामुळे पुढे निधीविना राहू शकते आणि त्याची बातमीही होत नाही. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर स्थायी समितीचे आणि मुख्य सभेचे अधिकार एकाच हाती गेले. 2025-26चे अंदाजपत्रक प्रशासकांनीच मांडले आणि त्यांनीच मंजूर केले. नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांच्या ‘स’ यादीवर कितीही टीका झाली, तरी सभागृहात उभे राहून जाब विचारणारे कोणी तरी होते, आणि प्रशासकांच्या काळात ते नसणे शहराला परवडणारे नव्हते, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (सहभागी अंदाजपत्रकासाठी काम करणारी एक नागरिक)

वर्गीकरण सरसकट वाईट नसते. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तशा प्रसंगी निधी वळवावाच लागतो. आक्षेप आहे तो पाण्याचा किंवा मलनिस्सारणाचा निधी सुशोभीकरणाकडे वळवण्याला. पालिकेत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे समाविष्ट झाली. तिथल्या अनेक वस्त्या आजही टँकरवर अवलंबून असताना जुन्या शहरातले सुस्थितीतले पदपथ उखडून पुन्हा बांधणे मला अन्यायाचे वाटते.

कोथरूडकरांना एक सुचवते. पुण्यात 2006-07पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामे अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देताना ठिकाण नेमके लिहावे आणि पोच जपून ठेवावी. अंदाजपत्रक आल्यावर ते काम पुस्तकात शोधावे, आणि नंतर त्याच्या निधीचे वर्गीकरण झाले का, हे माहितीच्या अधिकारात लेखी विचारावे. एका परिसरातल्या चार-पाच सोसायट्यांनी मिळून एकाच कामाचा असा पाठपुरावा केला, तर तो निधी गुपचूप दुसरीकडे वळवणे अवघड होते.