जप्ती, कुर्की की टाच?

प्रश्न: आजीच्या तन्मण्यावरून आमच्या चुलत घराशी इंदूरच्या कोर्टात दिवाणी दावा चालू आहे. वकीलसाहेब म्हणतात, 'कुर्की लगवा देते हैं.' पुण्याचे काका जप्ती म्हणतात आणि एका जुन्या मराठी कागदात 'टाच' वाचली. तिन्ही एकच का?

उत्तर: ताई, कुर्की म्हणजेच टाच. कुर्की मूळची तुर्की, जप्ती अरबी 'ज़ब्त'वरून आलेली. मध्य प्रदेशात पोलिसांनी माल उचलला की जब्ती आणि दिवाणी कोर्टाने बांधून ठेवला की कुर्की, असा भेद बोलण्यातही पाळतात. मराठीत मात्र दोन्हीकडे सर्रास जप्तीच म्हणतात. म्हणून मला 'टाच' फार मोलाचा वाटतो. 'मालमत्तेवर टाच आणणे' यात मालकी प्रतिवादीचीच राहते, फक्त त्याला ती विकता किंवा हलवता येत नाही.

पण तुमच्या तन्मण्याला हा शब्द लागू पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधला आदेश 38, नियम 5 म्हणजे निकालापूर्वीची टाच. हुकूमनामा, म्हणजे दाव्याच्या निकालाचा कोर्टाचा हुकूम, बुडवण्यासाठी प्रतिवादी आपली मालमत्ता विकतोय किंवा कोर्टाच्या हद्दीबाहेर नेतोय, हे आधी दाखवावं लागतं. शिवाय ती त्याची मालमत्ता असते. तुमचं तर म्हणणंच असं, की तन्मणी आमचा! मग टाच कशावर आणणार? तुमच्यासाठी आदेश 39, नियम 7 आहे: वादातली वस्तू अटकावून ठेवणे, जपणे, तपासणे. त्याच्या हिंदी मथळ्यात 'निरोध, परिरक्षण, निरीक्षण' हे शब्द आहेत. समोरच्याला आधी नोटीस जाते. उशिराने हेतूच फसणार असेल, तर कोर्ट नोटिशीविनाही हुकूम देऊ शकतं.

प्रश्नकर्ती: म्हणजे मराठीत काय म्हणू?

उत्तर: 'वादवस्तू अटकावून सुरक्षित ठेवणे' म्हणा. लांब आहे, पण अर्थ चुकत नाही. कोर्टाने ती कुणाकडे सांभाळायला दिली, तर त्या कागदाला आपल्याकडे सुपुर्दनामा म्हणतात, इंदुरात सुपुर्दगीनामा.

आणखी एक: हुकूमनाम्याच्या वसुलीतही सगळंच उचलता येत नाही. याच संहितेच्या कलम 60 प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं आणि धर्मरूढीने बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने सुटतात. मंगळसूत्राच्या धास्तीने कुणी रडत असेल, तर तिला हे आधी सांगा.