फ्रेंच वाइनच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव का नसतं, आणि आम्ही घड का काढायचे?

दिंडोरीची_मानसी:

नमस्कार मंडळी. आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. बहुतेक थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, पण दोन एकरांवर वाइनची द्राक्षं, काबर्ने सोविन्यों. एका वायनरीशी करार आहे, दर किलोवर. यंदा मणी सेट झाल्यावर त्यांचा माणूस आला आणि म्हणाला, प्रत्येक फुटीवर एकच घड ठेवा, बाकीचे काढून टाका, फ्रान्समध्ये असंच करतात. अण्णांनी त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर म्हणाले, "पैसे किलोवर मिळणार आणि माल जमिनीवर टाकायचा? हे कसलं शास्त्र?" मला उत्तर देता आलं नाही.

मध्यंतरी वायनरीतच काही फ्रेंच बाटल्या पाहायला मिळाल्या. फ्रान्सच्या बर्गंडी भागातल्या बाटलीवर गावाचं नाव, शेताचं नाव, मालकाचं नाव. द्राक्ष कोणतं ते कुठेच नाही. एकाच मालकाच्या, एकाच वर्षाच्या दोन बाटल्या होत्या. शेतं शेजारी शेजारी, पण एकीची किंमत दुसरीच्या चौपट. मातीत एवढा फरक पडतो का? आणि अगदी बाळबोध प्रश्न: काळ्या द्राक्षाचा गर पांढराच असतो, मग वाइन लाल कशी होते? कुणी मुळापासून सांगेल का?

निफाड_ते_बोन:

मानसीताई, मी निफाड तालुक्यातला, घरी बागच. सध्या बर्गंडीत वोल्ने गावातल्या एका कुटुंबाच्या बागेत आणि तळघरात काम करतो. तुमच्या अण्णांचा प्रश्न आणि तुमचा लेबलचा प्रश्न आतून एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी छाटणी. आपल्याकडे वेलीला थंडीची खरी विश्रांती मिळत नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि ऑक्टोबरात फळ छाटणी घेतो. इथे पानं नोव्हेंबरात झडतात, वेल पूर्ण थांबते आणि वर्षातून एकदाच, हिवाळ्यात छाटतात. जानेवारीत सकाळी तारेवर बर्फ असतो. जुन्या लोखंडी पिंपाला चाक लावून केलेली एक गाडी ओळीतून ढकलत न्यायची, छाटलेल्या काड्या जागेवर त्यातच जाळायच्या आणि मध्ये मध्ये हात शेकायचे. वेलीवर काय ठेवायचं? पाच ते आठ डोळ्यांची (फुटव्याच्या कळ्यांची) एक काडी, आणि पुढच्या वर्षीची काडी मिळावी म्हणून दोन डोळ्यांचा एक खुंटा. बस. एकोणिसाव्या शतकातल्या झ्युल ग्युयो यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. मे महिन्यात नको त्या फुटी हाताने मोडून काढतात.

म्हणजे माल किती येणार हे इथे जानेवारीत कात्रीने ठरतं आणि मेमध्ये पक्कं होतं. तयार घड जमिनीवर टाकणं हा शेवटचा उपाय, अंदाज चुकला आणि फारच लागले तर. "फ्रान्समध्ये असंच करतात" हे म्हणणं म्हणून अर्धंच खरं आहे.

आता आकडे. इथे हेक्टरी साधारण दहा हजार वेली, ओळीत एक मीटर अंतर, मांडव नाही, कमरेएवढी तार. गावाच्या नावाने विकायच्या लाल वाइनला हेक्टरी ४०–४५ हेक्टोलिटरच्या (एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर) आसपास मर्यादा, ग्रां क्रूला, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाच्या शेतांना, ३५ च्या आसपास. लिटरमागे सव्वा-दीड किलो द्राक्षं धरा. एकरी दोन-अडीच टन आणि वेलीमागे अर्धा-पाऊण किलो येतं. आपल्या थॉमसनच्या वेलीवर दहा-अकरा किलो असतात. ही तुलना अण्णांसमोर करू नका, कारण ती न्याय्य नाही. आपल्या वेली विरळ आणि मोठ्या, ऊन वेगळं, हाताशी ठिबक. बर्गंडीत बागेला पाणी देत नाहीत. खरा हिशेब वेलीमागच्या किलोंचा नसून पानांचा आहे. एक किलो द्राक्षं नीट पिकायला साधारण एक चौरस मीटर निरोगी, उन्हातलं पान लागतं.

आता लेबल. वोल्नेची हद्द कायद्याने आखलेली आहे. आत कोणती जात लावायची, वेली किती दाट, छाटणी कशी, माल जास्तीत जास्त किती, साखर किमान किती, सगळं लेखी. वोल्ने म्हटलं की लाल आणि पिनो न्वार, हे त्यातच आलं. शेजारचं मर्सो म्हटलं की बहुतेक पांढरी, शार्दोने. म्हणून द्राक्षाचं नाव वेगळं छापत नाहीत. सगळ्या फ्रान्सचं असं नाही. जर्मनीला लागून असलेल्या अल्सासमध्ये रीसलिंग, गेवुर्त्सट्रामिनर अशी नावं ठळक असतात. बोर्दोत गावाच्या नावाआड काबर्ने सोविन्यों, मेर्लो, काबर्ने फ्रां यांचं मिश्रण असतं. जिरोंद नदीच्या डाव्या तीरावरच्या गोट्यांच्या जमिनीत काबर्ने सोविन्यों जास्त, उजवीकडच्या चिकणमातीत मेर्लो जास्त.

शेजारच्या शेतांच्या किमतीतला फरक मला इथे चालताना कळला. वोल्ने ज्यावर आहे तो कोत दोर म्हणजे पूर्वेकडे तोंड केलेला एक लांब, अरुंद उतार. माथ्यावर माती इतकी पातळ की चुनखडी उघडी पडते. पायथ्याला, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, काळी खोल माती. पाऊस झाला की दोन दिवस बुटाला चिकटते. मधल्या पट्ट्यात चुनखडी आणि चिकणमाती यांचा मेळ, पाण्याचा निचरा चांगला, सकाळचं ऊन थेट. ग्रां क्रू आणि त्याखालच्या दर्जाची प्रमिए क्रू शेतं बहुतेक या मधल्या पट्ट्यात, गावाच्या नावाची वाइन त्याच्या खाली-वर, आणि नुसती 'बर्गंडी' रस्त्यापलीकडे. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितोच्या मठातल्या साधूंनी आणि त्यांच्यानंतरच्यांनी शतकानुशतकं हे तुकडे वेगवेगळे पिकवले, त्यांची वाइन वेगळी ठेवली. या तुकड्यांना २०१५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. किंमत मात्र नुसत्या मातीची नाही हे मी ठामपणे सांगतो. ग्रां क्रू बर्गंडीच्या एकूण उत्पादनाच्या एक-दीड टक्काच आहे, मागणी साऱ्या जगाची. चौपट किमतीत मातीइतकाच दुर्मीळपणाही आहे.

आता अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर. इथला शेतकरी कमी माल का घेतो? कारण गावाचं नाव सगळ्या गावाचं आहे, आणि मर्यादा सगळ्यांना सारखी आहे. मी माल कमी केला तर त्याचा फायदा माझ्या बाटलीवरच्या नावातून मलाच मिळतो. हे आपोआप झालेलं नाही. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक फिलिप याने गामे ही भरपूर लागणारी जात उपटायचा हुकूम काढला, पिनो न्वार टिकावी म्हणून. पुढे एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने मुळं खाऊन फ्रान्सच्या बागा संपवल्या. वाइनचा तुटवडा झाला तेव्हा आयात केलेले बेदाणे भिजवून, साखर-पाणी घालून वाइन विकली गेली. बागा परत उभ्या राहिल्यावरही ही भेसळ थांबेना, भाव कोसळले. १९०७ मध्ये दक्षिणेकडचे द्राक्ष शेतकरी लाखोंनी रस्त्यावर उतरले, नार्बोनमध्ये सैन्याच्या गोळ्यांनी माणसं मेली. त्या साऱ्यातून १९३५ चा कायदा आला, नाव आणि हद्द यांना संरक्षण देणारा. एकरी दोन टनांची शिस्त या संरक्षणाच्या आधारावर उभी आहे.

तुमच्या करारात शिस्त फ्रान्सची आणि दर किलोचा आहे. अण्णांचं म्हणणं मला पटतं.

तासगावचा_बागायतदार:

निफाडकर, बेदाण्याची वाइन वाचून थांबलोच. आमचा सगळा जीव बेदाण्यात.

मानसीताई, फ्रान्सचं एक देणं अण्णांच्या गोदामात आधीपासून आहे. बोर्डो मिश्रण. मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी शंभर लिटर. ते बोर्दोचंच. १८८० च्या दशकात तिकडे केवडा रोग नवा होता, अमेरिकेतून आलेला. बोर्दोजवळच्या मेदोकमध्ये रस्त्याकडेच्या वेलींवर शेतकरी मोरचूद-चुना शिंपडत, निळा डाग दिसला की वाटसरू घड तोडत नसत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या नजरेत आलं की नेमक्या त्याच ओळींची पानं टिकली आहेत. त्यांनी प्रयोग केले आणि १८८५ मध्ये औषध जाहीर केलं. पावसाळी हवेत पहाटे पाठीवर पंप घेतला की मला ती रस्त्याकडेची ओळ आठवते.

आणि खुंटाचं, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या वेलीचं, सांगा की. आम्ही डॉगरिजवर कलम करतो ते क्षारपड जमीन आणि पाण्याच्या ताणासाठी. तिकडे कशासाठी?

निफाड_ते_बोन:

काका, इथे कारण फिलॉक्सेरा. वोल्नेशेजारच्या मर्सोत ती १८७८ मध्ये सापडली. अमेरिकन जातींची मुळं तिला तोंड देतात, म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर पिनो. पण सुरुवातीचे खुंट चुनखडीत पिवळे पडायला लागले. म्हणून १८८७ मध्ये पिएर व्हिआला यांना अमेरिकेत पाठवलं. टेक्ससच्या चुनखडीत वाढणारी बर्लांदिएरी ही रानवेल तिथे मिळाली, आणि आजचे इथले बरेच खुंट तिच्या संकरातून आले. तुमचा डॉगरिजही मूळचा टेक्ससचाच.

ताई, रंगाचं राहिलं होतं. रंग सालीत असतो. लाल वाइनला द्राक्षं देठ काढून, किंवा काही देठांसकट, टाकीत भरतात. साल, बी, रस सगळं एकत्र आंबतं. किण्वामुळे साखरेचं अल्कोहोल होतं, कर्बवायू सुटतो आणि तो साली वर ढकलतो. वर हातभर जाडीचा थर बसतो. तो दिवसातून एक-दोनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर सुकतो, आंबट होतो आणि रंग खाली उतरत नाही. दाबायला गेलं की आधी वरचा थर घट्ट लागतो, मग एकदम फुटतो आणि खालून गरम, जांभळा फेस वर येतो. तिशीच्या आसपास तापमान असतं. दारं सताड उघडी ठेवतो, एकटा कुणी टाकीवर वाकत नाही. कर्बवायूने तळघरात माणसं दगावली आहेत. दोन-तीन आठवड्यांनी वाइन काढून घ्यायची, साली दाबायच्या आणि २२८ लिटरच्या ओकच्या पिंपात भरायची. तिथे जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करतात, धार मऊ होते. पांढऱ्या वाइनला उलटा क्रम: आधी दाबून रस वेगळा, मग आंबवणं. म्हणूनच काळ्या पिनोपासूनही शॅम्पेन पांढरी होते.

दिंडोरीची_मानसी:

अण्णांना सगळं वाचून दाखवलं. नार्बोनचं ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्या निफाडच्या पोराला विचार, आपण नेमकं काय करायचं.

निफाड_ते_बोन:

अण्णांना माझा नमस्कार सांगा. मी आमच्या बागेत केलं असतं ते लिहितो.

यंदा सरसकट घड काढू नका. मण्यांत पाणी उतरेपर्यंत थांबा. त्या वेळी बहुतेक घड रंग धरतात आणि काही हिरवेच मागे राहतात. तेवढेच काढा, आणि तेही सुरुवातीला चारच ओळींत. शेजारच्या चार ओळी तशाच ठेवा. दोन्हीकडचं ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, दर आठवड्याला मोजा, पण त्यावरच थांबू नका. मणी चावून बघा: बी तपकिरी झालं का, साल चावल्यावर तुरट किती लागते. वाइनला २२–२४ ब्रिक्स लागेल, आपल्या उन्हात ते येईलच. साल आणि बी मात्र पिकण्यात मागे राहतात. दोन्हीकडचा माल वेगळा तोडा आणि वायनरीला वेगळा आंबवायला लावा. ती मागणी रास्त आहे.

डॉगरिजवर असाल तर एक धोका आहे. खुंट जोरदार, वर ठिबक चालू, त्यात घड कमी केले की सगळा जोर फुटींना जातो, घड सावलीत पडतात आणि रंग उलट कमी भरतो. घड काढले तर पाणीही कमी करावं लागेल, आणि सकाळच्या उन्हाकडची पानं थोडी विरळ करावी लागतील. दुपारच्या बाजूची नको, मणी भाजतात.

आणि पुढच्या ऑक्टोबर छाटणीआधी करार बदलून घ्या. माल कमी हवा असेल तर दर एकरावर बांधा, किंवा किलोचा दर ब्रिक्स आणि रंगाप्रमाणे चढता ठेवा, आणि एकरी टनांची मर्यादा त्याच कागदावर लिहून घ्या. चार ओळींचे आकडे त्या बैठकीला सोबत न्या. करार बदलला नाही तर काडीवर डोळे किती ठेवायचे हे अण्णांनी ठरवावं, वायनरीने नाही.