जुन्या भांड्यांत झाडं लावू का? आणि नवीन भांडी कुठली घेऊ?

हिरवा_कोपरा

नमस्कार मंडळी, दोन प्रश्न एकदमच विचारतेय कारण दोन्ही एकमेकांत अडकलेत. स्वयंपाकघरातली जुनी भांडी बाहेर काढलीत. एक मोठं अल्युमिनियमचं पातेलं (पोचे पडलेत पण गळत नाही), कोटिंग निघायला लागलेली नॉनस्टिक कढई, कल्हई उडालेलं तांब्याचं पातेलं आणि पातळ बुडाची दोन स्टीलची पातेली. टाकून द्यायला जीव होत नाही. बाल्कनीत मिरची, टोमॅटो, पुदिना लावायचाय तर कुंड्या विकत घेण्याऐवजी ह्यांनाच भोकं पाडून वापरली तर चालतील का? दुपारचं ऊन चांगलं येतं.

दुसरं म्हणजे त्यांच्या जागी नवीन काय घ्यावं? टोमॅटो, लिंबू घालून बराच वेळ शिजणारे पदार्थ घरात खूप होतात आणि सध्याच्या पातेल्यात मधोमध करपतं, कडेला कच्चं राहतं.

आणि अजून एक, मातीच्या साध्या कुंडीत ओव्हनमध्ये ब्रेड भाजायचे व्हिडिओ बघितलेत, ते खरंच करता येतं का?

मूळ_आणि_माती

झाडांबद्दल सांगतो, भांड्यांचं जाणकार सांगतील.

भांडं कशाचं आहे ह्यापेक्षा त्यात किती माती मावते आणि पाणी बाहेर कसं जातं हे आधी बघा. टोमॅटोला निदान १८-२० लिटर लागतात, मिरचीला १० ते १२ चालतात, पुदिन्याला खोली कमी चालते पण पसरायला रुंदी द्या आणि त्याला एकट्यालाच ठेवा, शेजारच्या झाडाला तो जागा ठेवत नाही. लिटर काढायला सोपं आहे, ३० सेंमी व्यास आणि ३० सेंमी उंचीचं सरळ पातेलं म्हणजे साधारण २१ लिटर. तेवढ्याच तोंडाची नेहमीची निमुळती कुंडी, जिचं बूड २२ सेंमी असतं, ती भरते जेमतेम १६ लिटर, म्हणजे तुमचं सरळ पातेलं ह्या बाबतीत कुंडीपेक्षा उजवंच आहे.

तळाला खडी किंवा विटांचे तुकडे टाकायची पद्धत सगळीकडे दिसते, कृपा करून ते करू नका. बारीक मातीतलं पाणी मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तुंबल्यावरच ते खडीत झिरपतं. म्हणजे तुंबलेल्या पाण्याचा थर तिथेच राहतो, फक्त खडीच्या उंचीएवढा वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. खात्री करायची तर भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, गळायचा थांबला की तसाच उभा करा, परत पाणी ठिबकायला लागेल. पाणी तेवढंच, स्पंज तोच, फक्त उंची वाढली. म्हणूनच उथळ भांड्यात मुळं लवकर कुजतात आणि खोल भांड्यात तीच माती तेच झाड बरं राहतं. भोकावर जाळीचा तुकडा ठेवायचा, बस.

अंगणातली नुसती माती भरू नका, भांड्यात ती दगडासारखी बसते. कोकोपीट, चांगलं कुजलेलं कंपोस्ट आणि थोडं परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा जाडसर वाळू असं मिश्रण करा.

आता धातू. दुपारच्या उन्हात धातूचं भांडं भयंकर तापतं आणि कडेची मुळं भाजतात, काळ्या प्लास्टिकचंही तेच होतं. म्हणून अल्युमिनियमचं पातेलं वापराच, पण ऊन थेट त्याच्या अंगावर पडणार नाही असं दुसऱ्या कुंड्यांच्या मागे ठेवा, किंवा त्यात प्लास्टिकची कुंडी बसवून मधे हवेची जागा सोडा. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते म्हणून गार राहते पण तिला पाणी जास्त वेळा घालावं लागतं. तिच्यावर पांढरे डाग येतात ते पाण्यातले आणि खतातले क्षार असतात, बुरशी समजून घाबरू नका.

एक वजनाचं. २० लिटरची ओली भरलेली कुंडी २० किलोच्या आसपास जाते, कठड्यावर ठेवू नका.

जाड_बूड

स्वयंपाकाचं मी सांगते. करपतंय कारण स्टील उष्णता फार वाईट वाहून नेतं. तांबं जवळपास ४००, अल्युमिनियम २३५ च्या आसपास, बीड ५० च्या आगेमागे आणि स्टेनलेस स्टील १५ (वॅट प्रति मीटर केल्विनमध्ये). पातळ स्टीलच्या पातेल्यात ज्योत लागते तेवढाच गोल तापतो, बाकीचं बसून राहतं. म्हणून नुसतं "जाड बुडाचं" असं न बघता बुडात अल्युमिनियमचा थर आहे का ते विचारा, आणि त्यातही ट्रायप्लाय म्हणजे दोन स्टीलच्या पत्र्यांमध्ये अल्युमिनियम, तेही कडांपर्यंत गेलेलं, असं मिळालं तर आंबट आणि बराच वेळ शिजणाऱ्या गोष्टींना त्याच्यासारखं दुसरं नाही. आत स्टीलच असल्यामुळे टोमॅटो-लिंबाशी त्याचं काही बिनसत नाही. इंडक्शन असेल तर बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर चालेल.

स्टीलला पदार्थ चिकटतो अशी सगळ्यांची तक्रार असते, पण भांडं रिकामं तापवून पाण्याचा एक थेंब टाका. नुसता चर्र होऊन उडाला तर अजून तापायचंय, गोळी होऊन पाऱ्यासारखा पळायला लागला की आच कमी करून तेल घाला. पटकन परतायचं असेल तेव्हा हे नक्की करा, खूप फरक पडतो. आणि मीठ गार पाण्यात टाकून ते तळाशी तसंच ठेवू नका, स्टीलला बारीक खड्डे पडतात, पाणी उकळल्यावर टाकून ढवळा.

साधं अल्युमिनियम आंबटाला नकोच, चव धातूची येते आणि धातू पदार्थात उतरतो. अॅनोडाइज्ड (म्हणजे वर ऑक्साइडचा घट्ट थर दिलेलं) असेल तर पुष्कळ बरं.

बिडाचं एक भांडं जरूर घ्या, हे मी मनापासून सांगतेय. ते सावकाश तापतं पण एकदा तापलं की आच धरून ठेवतं. त्याचा काळा थर म्हणजे तेलाचाच, पातळ पुसून तापवल्यावर त्याचा घट्ट पापुद्रा होतो. हात फिरवला की थर गुळगुळीत आणि कोरडा लागला पाहिजे, चिकट लागत असेल तर तेल जास्त झालंय, पुसून परत तापवा. सौम्य साबणाने तो जात नाही, आंबट तासभर शिजवलं किंवा ओलं ठेवलं तर मात्र जातो. धुतल्यावर लगेच गॅसवर कोरडं करायचं.

नॉनस्टिकचं भांडं रिकामं मोठ्या आचेवर ठेवणं ही सगळ्यात वाईट सवय आहे, २६० अंशांच्या वर कोटिंग खराब व्हायला लागतं आणि फार तापलं की त्या वाफेने पाळीव पक्षी मरतात. तुमची कढई स्वयंपाकातून गेली ते उत्तम.

कल्हई_प्रेमी

वरच्या दोघांनी छान लिहिलंय. तांब्याच्या पातेल्याला भोक पाडू नका हो ताई!! त्याला परत कल्हई करून घ्या. कल्हईशिवाय आंबट अजिबात नको, तांबं उतरतं. आणि कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही, कल्हई म्हणजे कथिलाचाच थर आणि कथील २३२ अंशांना वितळतं. शिवाय झाडाच्या बाजूनेही तांबं बरं नाही, जास्त झालं की मुळांची वाढ खुंटते.

कुंडीत ब्रेड भाजायचं म्हणाल तर माझं स्पष्ट नाही. झाडांच्या कुंड्या अन्नासाठी बनवलेल्या नसतात, माती कुठली, रंग कसला, काही कळत नाही, चकचकीत ग्लेझमध्ये (काचेसारख्या लेपात) शिसं असू शकतं. स्वयंपाकासाठी म्हणून विकलं जाणारं मातीचं भांडं घ्या, आधी पाण्यात भिजवा, मंद आचेवर चढवा आणि गरम असताना गार पाणी घालू नका, तडकतं.

हिरवा_कोपरा

बापरे, केवढी माहिती! तांब्याचं पातेलं भोकं पडण्यापासून वाचलं 😊 अल्युमिनियमचं पातेलं मोजलं, २८ सेंमी रुंद आणि २० उंच आहे, त्यात टोमॅटो होईल का? अल्युमिनियम मातीत उतरून मिरचीत येईल ही भीती पण वाटते. आणि भोकं कशी पाडू?

मूळ_आणि_माती

म्हणजे साधारण १२ लिटर झाले, वरचे दोनतीन सेंमी पाण्यासाठी मोकळे सोडले की साडेदहा-अकरा. टोमॅटोला कमी पडतील, त्यात मिरची लावा. टोमॅटोला मोठी ग्रो बॅग (झाडं लावायची कापडी पिशवी) घ्या, कापडाच्या बाजूने मुळांना हवा लागते आणि ती गोल गोल फिरत बसत नाहीत.

अल्युमिनियम मातीत मुळातच भरपूर असतं, पृथ्वीच्या कवचात वजनाने सुमारे ८ टक्के. माती फार आम्लधर्मी नसेल तर झाड ते फारसं घेत नाही, निर्धास्त लावा. नॉनस्टिक कढईत मात्र मी खायचं काही लावणार नाही, कोटिंगचे तुकडे मातीत पडत राहतील. ती उथळही आहे, तिच्यात सकुलंट (जाड, रसाळ पानांची झाडं) लावा.

भोकं बुडाला चार-पाच, ८ ते १० मिमीची. पातेलं लाकडाच्या ठोकळ्यावर पालथं घाला, खिळ्याने खूण ठोका म्हणजे ड्रिल घसरत नाही, आधी बारीक बिट मग मोठं. अल्युमिनियम लगेच होतं. स्टीलला वेग कमी, दाब जास्त आणि तेलाचे थेंब, वेगात फिरवलं तर जागा कडक होते आणि मग बिट आत शिरतच नाही. डोळ्यांना चष्मा, हाताला जाड मोजे, कडा कानशीने घासून घ्या.

पातेल्याखाली दोन पट्ट्या ठेवून ते उचलून ठेवा, नाहीतर भोकं फरशीला टेकून बंद होतात. खाली ताटली ठेवणार असाल तर पाणी घातल्यावर अर्ध्या तासाने ओतून टाका, आठवडाभर साचलं तर डासांची पैदास होते.

जाड_बूड

पातळ बुडाची ती दोन स्टीलची पातेली सगळी बाहेर काढू नका हां, पाणी उकळायला आणि काहीतरी वाफवायला ती चांगलीच आहेत, पाण्यात करपण्याचा प्रश्नच येत नाही. एकच कुंडीसाठी द्या.