मदत हवी आहे: सहावीच्या गणिताच्या लहान चाचण्यांसाठी प्रश्न कसे काढावेत?

नमस्कार.
हडपसरजवळच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. वर्गात ५५ मुलं, तास ३५ मिनिटांचा. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकवता शिकवता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनाच्या, नोंदी वेळेवर होतात. तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय, सगळे रकाने भरतात. पण उद्या वर्गात काय परत घ्यायचं हे त्या नोंदींवरून कळत नाही. सहावीला आकारिकचे ५० गुण असतात. ते फक्त निकालपत्रकापुरते उरावेत हे मला पटत नाही.

सध्या दशांश अपूर्णांक चालू आहेत. ०.४ आणि ०.३५ यांतली मोठी संख्या विचारली की काही मुलं ०.३५ म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. ती लगेच सापडतात. पण ०.४ म्हणणाऱ्यांतल्या काहींना वाटत असतं की दशांशचिन्हापुढे अंक कमी, तर संख्या मोठी. उत्तर बरोबर, समज चुकीची! म्हणून सोबत ०.७५ आणि ०.६ ही जोडीही देते. तिथे पहिल्या गटाचं उत्तर बरोबर येतं आणि दुसऱ्याचं चुकतं. दोन्ही जोड्या दिल्या तरच कोण कुठे अडलंय ते दिसतं.

असे प्रश्न बाकीच्या घटकांसाठी कसे काढता? अप्पा बळवंत चौकातून आणलेले प्रश्नसंच चाळले. सरावाला भरपूर आहे, पण चुकीचा पर्याय विचार करून दिलेला क्वचितच दिसला.

दुसरं, तपासणीबद्दल. संशोधक रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढे गेली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. माझ्याही वर्गात १० पैकी ७ दिसले की वही मिटते. गुण नोंदवहीत ठेवून मुलांच्या वहीत फक्त शेरा, असं कुणी करतं का? पालकांना काय सांगता?

प्रतिसाद:
ताई, मी मुळशीकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. तास संपताना एकच प्रश्न देतो, उत्तर आणि कारण पाव कागदावर. गुण नाहीत. चिठ्ठ्यांचे कारणानुसार गठ्ठे करतो आणि दुसऱ्या दिवशी चुकीच्या कारणांच्या सर्वांत मोठ्या गठ्ठ्यापासून सुरुवात. प्रश्न मुलांच्या कारणांतूनच मिळतात. अपूर्णांकांत ५/६ आणि ७/८ देऊन पाहा. दोन्हींत एकच भाग उरतो म्हणून सारखेच म्हणणारी मुलं निघतील. कोनासाठी आखूड भुजांचा मोठा कोन आणि लांब भुजांचा लहान कोन शेजारी काढा आणि मोठा कोणता ते विचारा. भुजांची लांबी पाहून ठरवणारी मुलं दिसतील.

पालकांना मी वर्षाच्या पहिल्याच सभेत सांगतो की गुण घटक संपल्यावर कळतील, तोवर वहीतला शेरा वाचा. शेरा मात्र मुलाला काम देणारा हवा. ‘नीट सोडव’ नको. ‘तिसऱ्या आणि पाचव्या उदाहरणात एकच चूक आहे, शोधून दाखव’ असा लिहा, आणि ती शोधायला वर्गातच वेळ द्या.