मदत हवी आहे: धाब्याचं (लाकडी कड्यांवर मातीचं सपाट छत असलेलं) घर, पावसाचं पाणी, सोलरची वीज. बांधायला शिकायचं कुठे?

नमस्कार मंडळी,

अमळनेरजवळ आमचं चार एकर कोरडवाहू शेत आहे. विजेची लाइन अलीकडच्या विहिरीपाशीच संपते. तिथे राहतं घर बांधायचंय, शक्य तितकं स्वतःच्या हातांनी.

मागच्या वर्षी लेहजवळ फे गावात सेकमॉल या पर्यायी शाळेचा परिसर पाहून आलो. ठोकून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंती, दक्षिणेला काच. 3000 मीटरहून जास्त उंचीवर, बाहेर कडाक्याची थंडी असतानाही हिवाळ्यातलं ऊनच घर उबदार ठेवतं. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात मायकेल रेनॉल्ड्स 1970च्या दशकापासून जुन्या टायरांत माती ठोकून अशी घरं बांधतात, तेही वाचून काढलं.

पण ती घरं ऊन आत घेण्यासाठी आहेत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45च्या वर. दक्षिणेची मला काळजी नाही, उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, छज्जा पुरेल. भाजून काढते ती पश्चिमेची भिंत आणि छत.

आजोबांचं घर धाब्याचं होतं. भर दुपारी दोन वाजता भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यातून गारवा लागायचा. मृगाआधी आजोबा दरवर्षी धाब्यावर पाणी मुरू न देणारी खारी माती पसरायचे, पायांनी दाबायचे. ते गेले आणि ते काम कोणी केलं नाही. तिसऱ्या पावसाळ्यात छताच्या लाकडी कड्या कुजून मधली खोली खचली. आई शेजारच्या खोलीत झोपली होती, म्हणून वाचली. त्यामुळे घरचे म्हणतात, स्लॅबच टाक.

खरा पेच छताचाच आहे. 100 चौरस मीटर छतावर 600 मिलिमीटर पाऊस पडला तर 60,000 लिटर होतात. थोडं वाया गेलं तरी टाकीत वर्षाचं पिण्या-स्वयंपाकाचं पाणी साठेल. पण धाब्यावरचं पाणी गढूळ येणार, आणि नुसता पत्रा टाकला तर पाणी स्वच्छ पण घराची भट्टी. म्हणून खाली धाबं आणि वर हातभर मोकळी जागा सोडून पत्रा, असं मनात आहे. वारा मधून खेळेल आणि धाबंही भिजणार नाही. असं कोणी प्रत्यक्ष केलंय का? वावटळीत पत्रा टिकतो का?

दुसरं, आमची जमीन काळी. उन्हाळ्यात भेगांत हात जातो, पावसात फुगते. मातीच्या भिंतीला पाया किती खोल घ्यावा? काळी माती काढून मुरूम भरणं पुरेल का?

सोलरचं गावातल्या ओळखीच्या मुलाकडून करून घेईन, तो प्रश्न नाही.

शिकण्यासाठी पुदुच्चेरीजवळच्या ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूटचा विचार आहे. तिथे सुमारे 5 टक्के सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटा शिकवतात. कोणी जाऊन आलंय का? शेतकऱ्याला झेपेल असं आहे का? आणि जळगाव, धुळे, नंदुरबार भागात धाबं घालणारा जुना कारागीर अजून काम करत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यांच्या हाताखाली चिखल तुडवायलाही मी महिनाभर येऊन राहीन.