मदत हवी आहे: गिटार ई स्टँडर्डलाच (नेहमीच्या ट्यूनिंगला) ठेवून खालच्या ट्यूनिंगची मेटल गाणी वाजवायची आहेत

गिटार एकच, फ्लॉइड रोज ब्रिजची (स्प्रिंगांवर तरंगणारा ब्रिज), तारा ९-४२ (पातळ). यादीत स्लेयर (ई फ्लॅट), डेथ (डी स्टँडर्ड), ब्लॅक सॅबथच्या १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'मधली सी शार्पची गाणी आणि ड्रॉप सी (सहावी तार बाकीच्यांपेक्षा आणखी दोन सेमिटोन खाली), बी स्टँडर्डमधली दोन-चार. एक तार उतरवली की ब्रिज मागे बसतो आणि बाकीच्या पाच चढतात, त्यामुळे दर गाण्याला ट्यूनिंग बदलणं अशक्य. लॅपटॉपवर रीपर (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) आहे, ऑडिओ इंटरफेस आहे. ॲम्प सिम्युलेटरच्या नंतर रीपिच (रीपरमधला पिच शिफ्टर, म्हणजे सूर वर-खाली करणारा इफेक्ट) लावून गिटार −२ (दोन सेमिटोन, म्हणजे दोन फ्रेट खाली) केली. सुटा स्वर बरा येतो, पॉवर कॉर्डला नुसती घरघर. शिवाय आवाज पिकच्या मागून येतो. सेटिंग चुकतंय की पद्धतच?

प्रतिसाद १

दोन्ही. आधी पद्धत. सरावासाठी गिटार खाली नेऊ नका, गाणं वर आणा. गायकासाठी पेटीवाला पट्टी बदलतो, तसंच. गाण्याची फाइल आधीच तयार असते, त्यामुळे उशिराचा प्रश्नच उरत नाही.

रीपरमध्ये गाणं ट्रॅकवर टाका, त्यावर क्लिक करून एफ२ दाबा आणि 'पिच ॲडजस्ट'च्या चौकटीत आकडा लिहा. ई फ्लॅटला १, डीला २, सी शार्पला ३, सीला ४, बीला ५. त्याच खिडकीत खाली एलास्टिक ३ प्रो निवडा. टॅबमधले (गिटारच्या आकडी लिपीतले) फ्रेटचे आकडे तेच राहतात, एकही बदलायचा नाही. ऑडॅसिटी वापरत असाल तर 'चेंज पिच' घ्या. 'चेंज स्पीड'ने दोन सेमिटोन चढवलेत तर गाणं १२ टक्के जोरात पळेल.

आता खरी मेख. सगळ्या रेकॉर्ड ४४०वर (ए स्वर ४४० हर्ट्झ, हे नेहमीचं माप) नसतात. मेटॅलिकाचा 'राइड द लायटनिंग' किंचित चढा आहे, पँटेराची काही गाणी दोन सेमिटोनांच्या मधेच कुठेतरी आहेत. नुसतं २ टाकून सूर लागला नाही की लोक ॲपला शिव्या घालतात. आधी ट्यूनरवर गिटार तपासा. मग गाण्यातला एखादा लांब धरलेला स्वर लूपवर टाका, तोच स्वर क्लीन आवाजात वाजवा आणि कान द्या. सूर जुळत नसेल तर आवाज वांव-वांव करत डोलतो. चौकटीत २.१, २.२ असं पुढे-मागे करत जा. डोलणं संथ होत थांबलं की तो आकडा पक्का. डिस्टॉर्शन चालू ठेवून हे ऐकूच येत नाही.

प्रतिसाद २

+३पर्यंत वरचं सगळं छान चालतं. +५ला झांजा पत्र्यासारख्या वाजतात, स्नेअरचा डबा होतो आणि गुरगुरणारा गायक कार्टूनमधला वाटतो. त्यावर उपाय: डेमक्स या वाद्यं वेगळी करणाऱ्या सॉफ्टवेअरने गाण्याचे चार तुकडे करा (ड्रम, बास, गायन, बाकीचं), चारही फाइली रीपरमध्ये शून्य सेकंदापासून लावा आणि ड्रम सोडून तिघांनाच +५ द्या. ड्रमला तुमच्या सुराशी देणंघेणं नाही. गिटार 'बाकीचं'मध्ये येते. तो ट्रॅक बारीक केला की तिची जागा तुमची.

ड्रॉप सी मात्र फक्त आकड्याने सुटत नाही. सॉफ्टवेअर सगळं गाणं सारखंच सरकवतं, एकट्या सहाव्या तारेची जागा बदलत नाही. गिटार ड्रॉप डीला न्यावी लागेल आणि गाणं +२. ड्रॉप बीसाठी ड्रॉप डी आणि +३. तुमच्या ब्रिजसाठी मागचं झाकण काढा आणि ब्रिजचा ठोकळा व खाचेची भिंत यांच्यामध्ये, स्प्रिंगांच्या बाजूला, मापाची लाकडी चकती घट्ट बसवा. स्प्रिंगांचे स्क्रू थोडे आवळा. मग ब्रिज मागे बसत नाही, बाकीच्या तारा जागच्या जागी राहतात. ब्रिजची दांडी (बार) खाली दाबता येईल, वर ओढता येणार नाही. ईवरून डीला जाताना नटाचं कुलूप सोडा, फाइन ट्यूनरची फिरकी एवढ्याला सहसा पुरत नाही.

प्रतिसाद ३

मित्रांबरोबर वाजवताना गाणं वर आणता येत नाही, तेव्हा गिटारच खाली न्यावी लागते. क्रम असा: गिटार, मग पिच शिफ्टर, मग ॲम्प, मग कॅबिनेट. तुमचा उलटा झाला आहे. डिस्टॉर्शनमधून दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे आणखी स्वर जन्मतात. तो गुंता शिफ्टरला उकलत नाही, म्हणून घरघर. त्याला कोरा सिग्नल द्या.

उशीर पूर्ण जाणार नाही. ४८ किलोहर्ट्झला १२८चा बफर (इंटरफेस एका वेळी साठवतो तेवढा आवाज) म्हणजे २.७ मिलिसेकंद, तो कमी करता येतो. पण जाड ई तार ८२.४ हर्ट्झची, तिचं एकच आवर्तन १२ मिलिसेकंदांचं. निदान तेवढं ऐकल्याशिवाय शिफ्टरला स्वर कळणार कसा? −१, −२ निभतं. −५ला रिफ लगद्यासारखी होते.

आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं (गिटारचा मूळ आवाज थेट हेडफोनला देणारं) बटण बघा. ते चालू असेल तर कोरी ई आणि उतरवलेली डी दोन्ही एकदम कानात जातात. हेडफोन बंद पाठीचे घ्या, नाहीतर मांडीवरच्या तारांचा आवाज बाहेरून येऊन तेच करतो.

धागाकर्ता

बटण चालूच होतं! बंद केलं, शिफ्टर ॲम्पच्या आधी घेतला, पॉवर कॉर्ड स्वच्छ. सरावाला गाणंच वर नेतो. डेथचं एक गाणं २.०वर बरोबर बसलं. बी स्टँडर्डमध्ये हाताला काही फरक जाणवेल का?

प्रतिसाद १

जाणवेल. बीला उतरवलेली तार सैल असते, जोरात पिक मारला की स्वर क्षणभर चढून खाली येतो. रेकॉर्डवर तो हेलकावा ऐकू येईल, तुमच्या ताणलेल्या ९-४२वर येणार नाही. त्यामागे लागू नका.